अर्धा चमचा निलगिरी

लवंगेचं तेल डोळ्यात गेलं की अंगापिंडाने मजबूत पुरुष कसा ओरडतो, ते मी ऐकलेलं आहे. ओरडणारा माझा नवरा होता. तेल त्याच्या डोळ्यात कुणी टाकलं नव्हतं. त्यानेच फोडलेल्या बाटलीतून ते उडालं होतं. पण त्या दिवशी पनवेलच्या त्या गल्लीत जे घडलं त्याची सुरुवात माझ्या हातून झाली होती. घरात तेव्हा सगळ्यांना ते कळलं. लिहून मात्र मी कधी ठेवलं नाही.

आमच्या वेळच्या बायका नवऱ्याला 'ते' म्हणतात. मीही जन्मभर तसंच म्हटलं. इथे कागदावर मात्र 'तो' लिहिते आहे. तोंडाने जमलं नाही ते हाताने जमतंय.

मी आपटा गावची. चौथीपर्यंत शाळा झाली होती, आणि सतराव्या वर्षी लग्न होऊन पनवेलला आले. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. सासर आगरी, घर गावाबाहेर सुकापूरच्या वाटेवर. घरात विधवा सासू, माझा नवरा, धाकटा दीर, आणि दोन वर्षांनी आलेली माझी धाकटी जाऊ. दोघे भाऊ बैलगाड्यांवर मीठ वाहायचे. पहाटे खाडीकडच्या मिठागरावर जायचे, मीठ भरायचे, बाजारात उतरवायचे, आणि बाराच्या सुमारास घरी येऊन जेवून झोपायचे. त्या दोन-अडीच तासांत घरात भांडं वाजलेलं चालत नसे.

नवऱ्याचा हात जड होता. कारण लागत नसे, निमित्त पुरे व्हायचं. मीठ वाहणाऱ्याच्या घरात कालवण अळणी लागलं, त्यावरून एकदा त्याने गरम तवा फेकून मारला होता. बैल लंगडला, मला मार. पावसाने मीठ वितळलं, मला मार. मारताना तो बोलत नसे. दात घट्ट मिटलेले, श्वास नाकातून. सासूबाई त्या वेळी उठून गोठ्यात जायच्या आणि बैलांना वैरण घालत बसायच्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला पाच महिने झाले असताना त्याने लाथ मारली. ते मूल गेलं. त्यानंतर मला दिवस राहिले नाहीत.

त्या लाथेनंतर तीन-चार महिन्यांनी असाच पाठीवर मार बसला आणि मान फिरवता येईना. शेजारची एक बाई म्हणाली, बाजारामागच्या गल्लीत एक मुसलमान म्हातारी तेलं विकते, तिच्याकडे जा. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत.

खालाचं घर म्हणजे एक पडवी आणि मागे एक खोली. पडवीत भिंतीला छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर बुचाच्या लहान-मोठ्या बाटल्या. तिचा नवरा मुंबईहून अत्तरं आणि तेलं आणून विकायचा. तो गेल्यावर तिने धंदा चालू ठेवला. साठीची असेल. उजव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत तिची कातडी गुलाबी आणि सुरकुतलेली होती.

"कुठं दुखतंय?" तिने विचारलं.

"पाठ. विहिरीवर पडले."

तिने मला आत नेलं, पोलकं वर करून पाहिलं. मग म्हणाली, "तुमच्याकडची विहीर फार मारते बेटी."

मी पदर पुढे ओढला.

"पोटात काय हाय? दिवस गेलेत? असतील तर सांग, तेल देणार नाय."

"होते," मी म्हणाले.

तिने पोलकं खाली ओढलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढूनही घेतला. मग तिने एका वाटीत खोबरेल तेल ओतलं, त्यात निलगिरीचे सहा थेंब मोजून टाकले आणि काडीने ढवळलं. माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला त्यातलं बोटभर लावलं. "आज एवढंच. उद्या इथं लाल झालं, खाज सुटली, तर हे तुझं तेल नाय. नाय झालं तर उद्या ये."

"आजच चोळा ना," मी म्हणाले. मला मान वळत नव्हती.

तिने आपला उजवा हात माझ्यासमोर धरला. "हे दालचिनीचं तेल. नवीन लग्न झालेलं, नवऱ्याला न विचारता बाटलीतलं तसंच लावलं, अंगाला वास यावा म्हणून. दोन दिवसांत कातडी सोलून आली. ह्या बाटल्यांत तेल हाय असं लोकांना वाटतं. समज, तेजाब हाय."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. मग जातच राहिले. घरी सांगायचे, बाजारात जाते. मार बसलेला असो वा नसो, खालाच्या पडवीत तासभर बसलं की बरं वाटायचं. मिठागरावरच्या बायका तिच्याकडे भेगाळलेल्या टाचा घेऊन यायच्या. खाऱ्या पाण्याने चिरा पडून त्यांतून रक्त येत असे. खाला त्यांना एकही बाटली देत नसे. नुसतं कोकम तेल गरम करून लावायला सांगायची. "उघड्या जखमेवर हे तेल लावलंस तर रडत परत येशील," म्हणायची. लिंबाच्या सालीचं तेल तर मिठागरावरच्या बायकांना ती दाखवतच नसे. ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजून काळी पडते, आणि त्यांचं तर सगळं आयुष्य उन्हात. अंघोळीच्या पाण्यात गवती चहाचं तेल घालायचं तर आधी चमचाभर खोबरेल तेलात मिसळायचं, नाहीतर ते पाण्यावर तवंगासारखं तरंगतं आणि जिथे चिकटेल तिथे चटका देतं. ते एकदा तिने मला तसं करून दिलं. त्या दिवशी घरी जाताना मला माझ्याच हाताचा वास पुन्हा पुन्हा घ्यावासा वाटत होता.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मी तिळाच्या तेलात निलगिरी मिसळून न्यायला लागले. त्यांना उतार पडला. घरात त्या बाटलीला मान मिळाला. एक छोटी बाटली शुद्ध निलगिरीची, पातळ न केलेली, मी घरीच ठेवू लागले. खालाने ती देताना बजावलं होतं. चुलीपासून लांब ठेव. उंच ठेव. पिण्याचं औषध नाय. आणि दोन वर्षांच्या आतल्या पोराला ना अंगाला, ना नाकाला, ना कपड्याला. "लहान पोराचा श्वास कोंडतो. समजलं?"

"समजलं," मी म्हणाले होते.

जावेला मुलगा झाला. माझ्या अंगावर पडलेलं ते घरातलं पहिलं मूल. जाऊ भातशेतीच्या कामाला गेली की तो माझ्याच कडेवर असे. आठ महिन्यांचा झाला तेव्हा थंडीत त्याला खोकला झाला. कुत्रं भुंकावं तसा कोरडा खोकला. दोन दिवस तो खोकत आणि रडत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊ जेवून झोपले. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. जाऊ अंगणात धुणं धूत होती. पोर माझ्याकडे. त्याला पुन्हा उबळ आली आणि तो किंचाळून रडायला लागला. मी त्याला खांद्यावर घेऊन हलवत होते, तोंडावर पदर धरत होते. आतून नवऱ्याचा आवाज आला, "गप कर त्याला."

पोर गप्प होईना. आतून पितळी तांब्या आला, माझ्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आपटला. पोर आणखीच मोठ्याने रडायला लागलं. मग खाट कुरकुरली. तो उठत होता.

माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच होतं की तो दारात यायच्या आत हे रडणं थांबलं पाहिजे. आपट्याला माझी आई खोकल्याला ओव्याचा अर्क साखरेवर एक थेंब द्यायची, हे आठवलं. फळीवर निलगिरी होती. मी चमच्यात मध घेतला आणि त्यावर बाटली तिरपी केली. एक थेंब टाकायचा होता. अर्धवट काढलेलं बूच निघालं आणि बाटली एकदम उपडी झाली. अर्ध्या चमच्याच्या वर तेल पडलं असेल. ओतून टाकायला हवं होतं. मी ते त्याच्या तोंडात घातलं.

त्याला ठसका लागला. चेहरा लाल झाला. मग तो खरोखरच गप्प झाला. नवरा दारापर्यंत आला होता, तो परत फिरला.

पाव तासाने पोराची मान माझ्या दंडावरून लोंबायला लागली. हाक मारली तर डोळे उघडेना. श्वास घरघरत होता. मी अंगणात धावले. जावेने हातातलं धुणं टाकलं, पोराला घेतलं आणि ओरडली. सासूबाई आल्या, त्यांनी त्याच्या घशात बोट घालून ओकवायला सुरुवात केली. दोघे भाऊ उठले. गाडी जुंपायलाही कुणी थांबलं नाही. पोराला घेऊन आम्ही सगळे बाजारातल्या सरकारी दवाखान्यापर्यंत धावत गेलो.

डॉक्टरांनी मुलाला घेतलं, पापणी वर करून पाहिली, तोंडाजवळ नाक नेलं. "काय पाजलंत याला?"

"काय नाय," जाऊ म्हणाली.

"तोंडाला निलगिरीचा वास येतोय. कुणी पाजली?"

मी भिंतीला टेकून उभी होते. सगळे एकमेकांकडे पाहत होते. डॉक्टर म्हणाले, "ओकवलंत का? ओकवायचं नसतं, तेल छातीत उतरतं." त्यांनी मुलाला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

नवरा माझ्याकडे वळला. "तेल कुठून आणलं व्हतंस?"

"खालाकडून. गुडघ्याचं."

"त्या म्हातारीनं सांगितलं पोराला दे म्हणून?"

मी मान हलवली नाही, तोंडही उघडलं नाही. 'नाही' म्हणाले असते तर पुढचा प्रश्न मला माहीत होता. माझ्या गप्प बसण्याचा त्याने त्याला हवा तो अर्थ घेतला. दिराला म्हणाला, "चल." दवाखान्याबाहेर त्यांच्या ओळखीचे दोन गाडीवान उभे होते, तेही निघाले. एकाच्या हातात बैल हाकायचा दांडका होता, तो नवऱ्याने काढून घेतला.

मी त्यांच्यामागे गेले. दहा-बारा पावलं मागे. अजून ऊन होतं. बाजारातून जाताना मला वाटत होतं की पुढच्या कोपऱ्यावर हाक मारते. प्रत्येक कोपऱ्यावर वाटत होतं. गल्ली आली.

खाला पडवीत बसून चिंध्यांनी बाटल्या पुसत होती. नवऱ्याने विचारलं नाही, सांगितलं नाही. आत शिरला आणि तिच्या थोबाडीत मारली. ती आडवी पडली. दिराने तिच्या कमरेत लाथ घातली. तो तसा गरीब स्वभावाचा माणूस होता, बैलालाही हळू मारायचा. त्या दिवशी तो ओक्साबोक्शी रडत लाथा घालत होता. "माज्या पोराला मारलंस," म्हणत होता. गल्लीतली दारं एकेक करून लागली. एका दारातून एक माणूस बाहेर आला, त्याच्यावर गाडीवान धावून गेले, तो आत गेला.

मी पायरीवर उभी होते. तिच्या ओठातून रक्त येताना मला दिसत होतं, आणि मी तिथेच उभी होते.

मग नवऱ्याने फळ्यांवर दांडका चालवायला सुरुवात केली. पहिल्या घावात खालची रांग गेली. काचा आणि तेल जमिनीवर. दुसऱ्या घावात मधली. पुदिना, कापूर, निलगिरी, दालचिनी, सगळं एकदम हवेत मिसळलं. रोज ज्या वासासाठी मी तिथे येत होते तो वास आता नाकात चाकूसारखा शिरला. दीर खोकत गुडघ्यांवर बसला. गाडीवान तोंडाला मुंडासं लावून बाहेर पळाले. नवरा मात्र थांबला नाही. वरच्या फळीकडे तोंड वर करून त्याने दांडका हाणला. लवंगेच्या तेलाची मोठी बाटली फुटली आणि त्याच्या उघड्या डोळ्यांत, कपाळावर, छातीवर पडली.

त्याने दांडका टाकला आणि ओरडला. दोन्ही मुठींनी तो डोळे चोळत होता आणि काचांवरून भिंतीला धडकत होता. हात कापले होते, तेच रक्ताचे आणि तेलाचे हात डोळ्यांवर.

खाला उठून बसली होती. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. मागच्या खोलीकडे बोट दाखवत होती. तोंडात रक्त असल्याने शब्द नीट येत नव्हते. "शेगडी," ती म्हणाली. "शेगडी बाहेर काढ."

मागच्या खोलीत शेगडीवर चहाचं आधण होतं, आणि जमिनीवरून तेलाचा ओघळ उतारावरून तिकडे चालला होता. मी काचांवरून धावले. आधण लाथेने पाडलं, शेगडी दोन्ही हातांनी उचलली आणि मागच्या दाराने अंगणात नेऊन टाकली. तळहात भाजले. ते मला नंतर कळलं. ओघळ शेगडीच्या जागेवर पोचला तेव्हा जमीन नुसती गरम होती.

परत आले तर खालाने माझ्या नवऱ्याची मानगूट धरली होती. ज्याने तिला मारलं त्यालाच ती ओढत ओट्यावर नेत होती. "पाणी आण," मला म्हणाली. "कळशी आण. चोळू नको रे, हात काढ. हात काढ म्हणते ना." तिने त्याचं डोकं एका बाजूला कलतं करून आपल्या मांडीवर दाबून धरलं, दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि डोळ्यात पाण्याची धार सोडली. तो तडफडत होता, 'आये, आये' करत होता. ती सोडत नव्हती. मी कळशीमागून कळशी आणत होते. दिरालाही तिने सांगितलं, अंगाला तेल लागलंय तिथं आधी पाणी नको, खोबरेल तेलाने पुसून काढ, मग साबण. तोही मुकाट्याने पुसत बसला.

पाचवी किंवा सहावी कळशी ओतताना मी म्हणाले, "हिनं नाय दिलं. पोराला मी पाजलं."

नवऱ्याची तडफड थांबली. डोळे उघडे धरलेले, पण त्याला दिसत काहीच नव्हतं. "कोण बोललं?" त्याने विचारलं.

"मी."

खालाचा हात क्षणभर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "पाणी ओत," म्हणाली. मी ओतलं.

दिराचा हात तेलाच्या चिंधीवर तसाच राहिला होता. नंतर तो उठला आणि एकटाच दवाखान्याकडे गेला.

पोर वाचलं. सकाळी त्याने डोळे उघडले आणि जावेच्या छातीशी तोंड नेलं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर छातीवर लक्ष ठेवा. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते, हातांना पट्ट्या बांधलेल्या. जाऊ बाहेर आली. दिराने तिला सांगितलं होतं. तिने पोर सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं, पदर खोचला आणि माझ्यावर धावून आली. बुक्क्यांनी मारलं, केस धरून डोकं खांबावर आपटलं. "तुजं नाय म्हणून माजं मारायला निघालीस," ती म्हणत होती. "बाय म्हणत व्हते तुला." नवऱ्याच्या माराला मी हात आडवा घालायचे. तिच्या माराला घातला नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरने येऊन तिला ओढलं. माझा पुढचा एक दात पडला होता. तो उचलून मी पदरात बांधून घेतला. का, ते आता सांगता येत नाही.

नवऱ्याच्या डोळ्यांवर डॉक्टरांनी आठ दिवसांची पट्टी बांधली. तो ओसरीवर खाटेवर असायचा. मला हाक मारायचा. पाणी दे, पान दे. मी जवळ गेले की मनगट पकडायचा आणि दुसऱ्या हाताने मारायचा. दिसत नसल्याने मार कुठेही बसायचा. गळ्यावर, कानावर. मी लांब राहायला लागले तर तो बांगड्यांच्या आवाजावर येऊ लागला. भिंत चाचपडत, हात पुढे करून, आवाज येईल तिकडे. तिसऱ्या दिवशी मी चुलीपुढे बसले आणि हातातल्या सगळ्या काचेच्या बांगड्या फोडून टाकल्या.

सासूबाईंनी मोकळे हात पाहिले. "नवरा जिता असताना?"

"आवाज होतो, आई," मी म्हणाले.

दुपारी तो हाका मारत उठला, तेव्हा त्या नेहमीप्रमाणे गोठ्याकडे निघाल्या. मग परत आल्या आणि त्याच्या वाटेत बसल्या. तो त्यांना अडखळला.

"कोण?"

"मी हाय. मार."

"आये, सरक."

"तुज्या बापानं तीस वर्सं मारलं. तवा मी कुटं गेले? तूबी मार."

तो तिथेच उभा राहिला. मग खाट चाचपडत परत गेला. त्या दिवसानंतर मार कायमचा बंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. कमी झाला. सासूबाई जिवंत होत्या तोवर त्यांच्यासमोर तो पुन्हा घडला नाही. पट्टी निघाली तेव्हा उजवा डोळा ठीक होता. डाव्या डोळ्यावर दुधासारखा पडदा राहिला तो राहिलाच.

तीन आठवड्यांनी माझे तळहात बरे झाले. मी खालाकडे गेले. पडवीत नव्या फळ्या लागल्या होत्या. दिराने येऊन लावून दिल्या होत्या, हे मला तिथे कळलं. घरी तो त्याबद्दल बोलला नव्हता. खालाच्या जबड्याची एक बाजू सुजलेली होती आणि बोलताना कट् असा आवाज यायचा. तिने मला वर घेतलं नाही.

"अंगणात बस," म्हणाली. मी बसले. "दवाखान्यात का नाय बोललीस?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

"मारतील म्हणून."

"आणि मला मारलं तेव्हा?"

मी मान खाली घातली. तिने उत्तराची वाट पाहिली. मला आजही त्याचं उत्तर देता येत नाही.

शेवटी ती म्हणाली, "तुला मी सांगितलं व्हतं ना, पोराला नको?"

"हो."

"सांगून भागत नाय म्हणजे. तू लिहितेस ना? मला मराठी लिहिता येत नाय. उद्यापासून प्रत्येक बाटलीला चिठ्ठी लिहायची. माफ केलंय म्हणून नाय. काम हाय म्हणून."

मग मी लिहायला लागले. बाजारातून रद्दी कागद आणायचे, पट्ट्या फाडायचे, खळीने बाटलीला चिकटवायचे. 'पिऊ नये.' 'दोन वर्षांच्या आतील मुलास लावू नये.' 'गरोदर बाईने वापरू नये.' 'एक वाटी खोबरेल तेलात पाच-सहा थेंबांहून जास्त नको.' 'विस्तवाजवळ ठेवू नये.' ज्यांना वाचता येत नसे त्यांना मी वाचून दाखवायचे आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्यायचे. काही बायका चिडायच्या. औषध घ्यायला आलो की शाळेत, म्हणायच्या. खाला म्हणायची, म्हण नाहीतर बाटली ठेव. पहिलं वर्षभर ती माझ्याशी कामापलीकडे बोलली नाही. दुसऱ्या वर्षी रमजान ईदला तिने मला शिरखुर्म्याची वाटी दिली, तीसुद्धा अंगणातच. पडवीत बसायला मला कधी सांगितलं ते नेमकं आठवत नाही. एक दिवस मी आत बसून चिठ्ठ्या लिहीत होते, एवढं आठवतं.

जाऊ माझ्याशी चार वर्षं बोलली नाही. पोर मात्र माझ्या अंगावर येऊन पडायचं, आणि ती त्याला ओढून न्यायची. पुढे तिला मुलगी झाली तेव्हा बाळंतपणात माझ्याशिवाय घरात करणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून बोलायला लागली, जेवढं गरजेचं तेवढं.

खाला म्हातारी झाली. हात कापायला लागले, थेंब मोजता येईनात. उरणला तिचा भाचा होता, त्याने तिला न्यायचं ठरवलं. पडवी बंद झाली. उरलेल्या बाटल्या तिने माझ्याकडे दिल्या. एसटीच्या स्टँडवर मी तिला सोडायला गेले. मीठ उतरवून नवरा तिथूनच गाडी घेऊन जात होता. तो थांबला. त्याने गाडीवरून उतरून तिची लोखंडी पेटी खांद्यावर घेतली, शिडीने बसच्या टपावर चढवली आणि दोरीने बांधली. एका डोळ्याने अंतर कळत नसल्याने उतरताना त्याचा पाय दोनदा चुकला. खालाने त्याच्याकडे पाहिलं. "गाठ घट्ट हाय ना?" एवढंच विचारलं.

"घट्ट हाय," तो म्हणाला.

तो तिची माफी मागेल, असं मला क्षणभर वाटलं होतं. त्याने मागितली नाही. खालाने माझा हात हातात घेतला, आता भाजल्याची खूण फारशी दिसत नव्हती, आणि म्हणाली, "लिंबाचं तेल जुनं झालंय. टाकून दे, कुणाला देऊ नको." बस सुटली.

मी गाडीत मागे बसले, रिकाम्या गोणपाटांवर. तो पुढे बैल हाकत होता. गाडी सुकापूरच्या वाटेला लागली. मग मान न वळवता म्हणाला, "उद्या गोणी जास्त हायेत. लवकर उठव."

"उठवते," मी म्हणाले.